क्लास न लावता मोडी शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

घोडबंदरकर

भिवंडीकडच्या जमिनीच्या जुन्या कागदांचा गठ्ठा हाती आलाय, सगळा मोडीत. नोकरी रबाळे एमआयडीसीत, शिफ्ट बदलती, त्यामुळे शनिवार-रविवारचा वर्ग जमणार नाही. वय पन्नाशीकडे. मोबाइलवर मोडी फॉन्ट घेतलाय, त्यावर अक्षरं ओळखता येतात. पण खरा कागद समोर धरला की एक ओळ लागत नाही. रोज किती वेळ द्यावा? आधी बाराखडी की थेट कागद? आणि मास्तर नसताना आपण वाचलेलं बरोबर की चूक, हे कळायचं कसं?

बोरू-दौत

तिसरा प्रश्न खरा, म्हणून आधी तोच घेतो. स्वतः शिकणाऱ्याचं घोडं अडतं ते इथेच. चूक दाखवणारं कोणी नसतं आणि चुकीचं वाचन महिनोन्महिने पक्कं होत जातं.

मूळ मोडी पानाचं छायाचित्र आणि शेजारी त्याचं बाळबोध (म्हणजे देवनागरी) लिप्यंतर, असे छापील नमुने मिळवा. लिप्यंतर झाकायचं. पाच ओळी वाचून बाळबोधीत लिहून काढायच्या. जे अक्षर लागत नाही तिथे फुली मारा, अंदाजाने भरू नका. मग झाकण काढून लाल पेनाने ताडून पाहायचं. प्रत्येक चूक वहीत टिपायची: आपण काय वाचलं, छापील काय आहे आणि कारण. कारणं तीनच ठेवा. ‘अक्षर’ म्हणजे अक्षरच ओळखलं नाही. ‘तोड’ म्हणजे शब्द भलतीकडे तोडला. ‘शब्द’ म्हणजे अक्षरं सगळी बरोबर, पण दरोबस्त, बितपशील, मशारनिल्हे हे काय प्रकरण आहे तेच ठाऊक नाही.

महिन्याभराने कारणांची मोजदाद करा. पहिल्यांदा ‘अक्षर’ जास्त निघेल, नंतर बहुतेकांचा भार ‘तोड’ आणि ‘शब्द’ यांवर जातो. तेव्हा अक्षरं गिरवत बसणं व्यर्थ. जुने महसुली शब्द शिकायचे. त्यासाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती अजूनही कामाची आहे. अर्थ इंग्रजीत आहेत, पण वतन, महसूल, मापं यांचे शब्द भरपूर सापडतात.

फॉन्टबद्दल. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, त्यामुळे आज ती टाइप करता येते. पण फॉन्टमध्ये अक्षरं सुटी आणि नीटनेटकी असतात. कारकून मात्र हात न उचलता लिहीत जायचा, त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे डोळ्यांना कळत नाही. यावर उपाय एकच, स्वतः लिहायचं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं. उलट केलंत, म्हणजे बाळबोधीसारखी शब्द झाल्यावर रेघ दिलीत, तर मोडीचं वळण हाताला कधीच बसणार नाही.

रोज दोन व्यंजनांची पूर्ण बाराखडी लिहा. नुसता ‘क’ येऊन भागत नाही, काही व्यंजनांचं रूप काना लागला की बदलतं. वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला असतो. म्हणजे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरून ठरवायचं.

वेळ: आठवड्यातून सहा दिवस रोज अर्धा तास. रविवारी एकदम तीन तास बसून हे होत नाही. ज्या दिवशी शिफ्ट अंगावर येते त्या दिवशी फक्त कार्डं, एका बाजूला मोडी अक्षर आणि मागे बाळबोध. ठाणे-वाशी गाडीत लिहिणं शक्य नाही, कार्डं उलटता येतात. चुकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी पुन्हा, बरोबर आलेलं तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने.

ऐरोलीचा वाचक

बोरू-दौत यांच्या ताडून पाहण्याला शंभर टक्के सहमत. बाराखडीबद्दल मात्र नाही. पंधरा दिवस बाराखडी गिरवून कंटाळलेले लोक तिथेच वही मिटतात. पहिल्या आठवड्यापासून कागद हातात हवा, आणि त्यातही मायना व शेवट आधी. पत्राचं तोंड आणि शेपूट ठरावीक असतं: ‘राजश्री’, ‘सुहूर सन’, ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सुद’. काय लिहिलं असणार हे आधीच माहीत असल्यामुळे अक्षरं फुकटात ओळखीची होतात. तीच अक्षरं मग मधल्या मजकुरात शोधायची.

आणखी एक. पाच वेगवेगळ्या हातांचे पाच कागद घेऊ नका, एकाच कारकुनाचे पाच घ्या. आणि तुमच्या गठ्ठ्याच्या काळाचेच नमुने वापरा. शिवकालीन वळणावर हात बसवून इंग्रजी अमलातला कागद वाचायला गेलात तर पुन्हा श्रीगणेशा.

घोडबंदरकर

काळ ओळखायचा कसा? आणि आकड्यांपुढे उभ्या दांड्या आहेत, ७॥। असं काहीतरी. ते ७११ आहे का?

जंत्री

दांड्या अपूर्णांकाच्या आहेत. । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. तुमचं ७॥। म्हणजे पावणेआठ. पुढे कसले पावणेआठ ते पाहा. रुपये असतील तर सात रुपये बारा आणे, कारण रुपयाचे १६ आणे. बिघे असतील तर सात बिघे पंधरा पांड, कारण बिघ्याचे २० पांड. हे न पाहता बेरीज मारली की ताळा बसत नाही आणि लोक कारकुनाला दोष देतात.

काळासाठी सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली वर्षगणना, शोधा. तो अरबी शब्दांत असतो, एकम आधी, मग दहम, शतक, हजार. ‘समान सलासीन मया व अलफ’ म्हणजे ८ + ३० + १०० + १००० = ११३८. त्यात ५९९ मिळवा, १७३७ येतं. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास, मेअखेर बदलतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे. फसली (महसुली) सन असेल तर ५९० किंवा ५९१.

घोटाळा होतो तो जोड्यांमध्ये: सबा ७ पण सबैन ७०, समान ८ पण समानीन ८०, सलास ३ पण सलासीन ३०, मया १०० पण मयातैन २००. शेवटचा ‘ऐन’ किंवा ‘ईन’ निसटला की सत्तावीसपासून शंभर वर्षांपर्यंत फरक. म्हणून सनावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, तिच्यापुढचा मुसलमानी महिना, आणि वार दिला असेल तर तोही जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखांच्या कोष्टकात, पडताळा. तिन्ही जुळले तरच सन नक्की धरा.

आपल्या भागाची गोष्ट लक्षात असू द्या. ठाणे आणि साष्टी १७३७ला मराठ्यांनी घेतली आणि १७७४च्या डिसेंबरात ठाणं इंग्रजांकडे गेलं. कल्याण-भिवंडीकडे मात्र, मधली इंग्रजांची चार दिवसांची वहिवाट सोडली, तर पेशव्यांचा अंमल १८१७पर्यंत टिकला. त्यामुळे एकाच वर्षी खाडीच्या अल्याड-पल्याड कागदाची धाटणी निराळी असू शकते.

बोरू-दौत

ऐरोलीकरांचा मायन्याचा मुद्दा मान्य, बाराखडी आणि मायना जोडीने चालवा.

मूळ कागद असतील तर लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक पुढे पिवळा पडून शाईत उतरतो. फ्लॅश न लावता खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो घ्या किंवा ३०० डीपीआयला स्कॅन करा, आणि सराव त्या प्रतीवरच. झेरॉक्सवर डाग आणि अनुस्वार सारखेच काळे दिसतात.

सरकारी कामाला तुमचं स्वतःचं वाचन चालणार नाही, तिथे मान्यताप्राप्त लिप्यंतरकाराचंच लागेल. पण त्याने ७॥। बिघ्यांचे सात बिघे बारा पांड करून दिले, तर ते तुम्हाला तिथल्या तिथे दाखवता येईल.