सीटी स्कॅनची फाईल: नुसता पृष्ठभाग पुरतो का?

सातरस्ता: सोलापुरात सीटीवरून हाडांची थ्रीडी मॉडेल्स प्रिंट करून देतो. गेल्या महिन्यात डोळ्याच्या खोबणीचं मॉडेल दिलं, तर तळाला भोक! डॉक्टरांनी विचारलं, फ्रॅक्चर आहे का? नव्हतं. तिथलं हाड कागदासारखं, १ मिलिमीटरहूनही पातळ. एकाच व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या एका छोट्या ठोकळ्यात, हाड आणि शेजारची चरबी आली की सरासरी आकडा घसरतो. मी ३०० हाउन्सफील्डला (सीटीतलं घनतेचं माप) थ्रेशोल्डची रेघ मारली होती, तिच्यावरचं तेवढंच हाड धरायचं; हे हाड तिच्याखाली गेलं. प्रिंटरला जाते त्या एसटीएल फाईलमध्ये त्या ३०० ची नोंदच नाही, नुसते पृष्ठभागाचे त्रिकोण. माझं ठाम मत: आतले मूळ आकडे फाईलमध्येच हवेत.

होटगीरोडकर: नाही पटत. प्रिंटरला पृष्ठभागच लागतो. हिशेब करा की: स्कॅनचे ५१२ बाय ५१२ चे ५०० स्लाइस (काप), दर व्हॉक्सेलला २ बाइट, झाले २६ कोटी बाइट. २ लाख त्रिकोणांची बायनरी एसटीएल, दर त्रिकोणाला ५० बाइट, म्हणजे १ कोटी. वॉर्डात उभ्या डॉक्टरांच्या मोबाईलवर कुठली उघडेल? चूक थ्रेशोल्डची होती, फॉरमॅटची नाही.

सातरस्ता: चूक माझीच. पण ती फाईल बघून कुणालाही ती पकडता आली नसती, हे डाचतंय. एसटीएलमध्ये एककसुद्धा नसतं. मिलिमीटर की इंच, हे फोन करून सांगावं लागतं.

साखरपेठ: आमचे वडील जेकार्ड मागासाठी नक्षीचे ग्राफ काढायचे. एकेक चौकोन भरताना उभा धागा वर की आडवा, ते ठरवायचे. तयार चादरीचा फोटो दाखवून माग लावता येत नाही, ग्राफ लागतोच. व्हॉक्सेल म्हणजे तोच चौकोन, खोलीसकट. मी सातरस्तांच्या बाजूने. साइज नडत असेल तर व्हॉक्सेल साठवायला ओपनव्हीडीबी हा फॉरमॅट आहे. ड्रीमवर्क्स या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने २०१२ मध्ये खुलं केलं, रिकामी जागा ते साठवतच नाही.

होटगीरोडकर: सिनेमातल्या ढगाला, धुराला ते उत्तम. शरीरात मात्र जागोजागी वेगळा आकडा, वर स्कॅनचा नॉइज. बाहेरची हवा वगळली की पुढे फारसं वाचत नाही. जीएलटीएफ २.० या थ्रीडी फॉरमॅटच्या गाभ्यात तर बिंदू, रेषा, त्रिकोण एवढंच. ‘केएचआर मटेरियल्स व्हॉल्यूम’ हे एक्स्टेन्शन काचेसारख्या वस्तूतून प्रकाश कसा जातो त्यासाठी आहे, नावावर जाऊ नका.

सातरस्ता: पण एक्सथ्रीडी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ३.३ आवृत्तीपासून व्हॉल्यूम रेंडरिंग, म्हणजे आतल्या आकड्यांवरून थेट चित्र दाखवणं, आहेच ना? म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

होटगीरोडकर: आहे, पण तुमच्या डॉक्टरांपैकी ते कोण उघडणार? डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाईली, जपून ठेवा आणि बायनरी एसटीएलच्या सुरुवातीचे ८० बाइट मोकळे असतात, त्यात थ्रेशोल्ड लिहा.

सातरस्ता: लिहून बघितलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून सेव्ह केली आणि ते गेलं. आता खोबणीच्या प्रत्येक केसला मॉडेलसोबत त्या जागेचे स्लाइस पाठवतो, ३०० चा आकडा मोठ्या अक्षरात लिहून. दोन फाईली होतात, आणि त्यांची ताटातूट झाली तर काय, ही धास्ती राहतेच.