कमळाच्या टबात डास झालेत, मासे सोडू की आपोआप काही येतं?

रानजाई: गच्चीवर कमळाचा टब आहे, साधारण १०० लिटरचा. महिनाभर झाला, तिथे बसवत नाही इतके डास. घरात तान्हं बाळ आहे म्हणून कॉइल, स्प्रे, फवारणी काहीच नको. डास खाणारं काहीतरी नैसर्गिक हवंय. खर्च जवळजवळ शून्य धरा, पंप वगैरे घेणार नाहीये. स्वतःचा अनुभव असेल तर सांगा.

भटक्या७: गप्पी मासे, बाकी काही बघूच नका. मी ५ सोडले होते, आता मोजता येत नाहीत, अंडी घालत नाहीत थेट पिल्लंच देतात. सोडले त्या दिवशी टबाशी बसून बघितलं, अळी श्वास घ्यायला वर आली की टिपलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शिल्लक नव्हती.

जलपर्णी: गप्पीपेक्षा गंबुशिया घ्या, जास्त खादाड आणि थंडीतही टिकतो. माझ्याकडे ८ वर्षं आहेत.

ओढाकाठ: गंबुशिया अजिबात नको!! मूळचा उत्तर अमेरिकेतला, डासांसाठी म्हणून जगभर सोडला आणि आता सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. बेडकांची पिल्लं, दुसऱ्या माशांची अंडी सगळं फस्त करतो. पावसात टब भरून वाहिला की गेला ओढ्यात. गप्पीही दक्षिण अमेरिकेतलाच, तोही बाहेर सोडू नका.

जलपर्णी: माझा टब कधी वाहिला नाही, उगाच घाबरवू नका लोकांना.

निवांत: छोटं सोलर कारंजं लावा, हलत्या पाण्यात डास अंडी घालायला बघत नाही. थोडे पैसे जातील पण कटकट कायमची मिटेल.

पानगळ: मी वटवाघळांसाठी लाकडी पेटी टांगली, २ वर्षं झाली एकही आलं नाही. सगळी मेहनत वाया.

ओढाकाठ: आली असती तरी पतंग नि भुंगे जास्त खाल्ले असते, डासांचा फार फरक पडला नसता. त्यापेक्षा घरातल्या पाली आणि कोळी हाकलू नका, दिव्यापाशी बसून गुपचूप काम करतात.

मीनल_क: गप्पीच. माझ्याकडेपण गप्पीच आहेत.

शेवाळ: सगळे टबावर तुटून पडलेत, आधी टॉर्च घेऊन अळ्या नक्की कुठे आहेत ते तरी बघा. दिवसा चावणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास असेल तर तो कुंडीखालच्या ताटलीतपण वाढतो. दोन बोटं पाणी, तिथे ना मासा राहणार ना चतुराचं (ड्रॅगनफ्लायचं) पाण्यात राहून अळ्या खाणारं पिल्लू, म्हणूनच त्याचं तिथे फावतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात, त्यामुळे दर आठवड्याला पाणी ओता. आणि नुसतं ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, ब्रशने खसाखसा घासा.

रानजाई: शेवाळ, खूप आभार. काल बघितलं, ७ ताटल्यांपैकी ५ मध्ये अळ्या वळवळत होत्या, कोपऱ्यातल्या जुन्या बादलीत तर गच्च. टबात मात्र तीन-चारच दिसल्या! आणि कमळाच्या देठावर पाण्याच्या वितभर वर एक रिकामी कात चिकटलेली, पाठीवर उकललेली. चतुराची आहे. म्हणजे टबात त्याची पिल्लं आधीपासूनच आहेत, मासे सोडले तर त्यातली लहान पिल्लं तेच खाऊन टाकतील. त्यामुळे मासे नाही सोडत. ताटल्या काढून टाकल्या, बादली घासून पालथी घातली.

भटक्या७: चूक करताय. दोन गप्पी तरी टाका.

रानजाई: नको दादा, ठरलं आता. आज सकाळी बाळाला घेऊन टबाशी बसले होते. तळाशी मातकट रंगाचं एक पिल्लू कितीतरी वेळ दगडासारखं पडून होतं. अळी समोरून गेली तसा घडी करून ठेवलेला खालचा ओठ झटकन पुढे आला आणि अळी गायब.