स्मृतिभ्रंशाच्या पेशंटजवळ घरचं माणूस आयसीयूतही असू द्यावं का?

पारिजात (धागाकर्ती)

वय ऐंशीच्या पुढे, आधीपासून डिमेन्शिया, आणि आता खुब्याचं हाड मोडून किंवा न्यूमोनिया होऊन ॲडमिट. असा पेशंट आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नाहीतर शेजारी होऊन गेलाय. मला एकाच प्रश्नावर मतं हवी आहेत. अशा माणसाजवळ ओळखीचं एक माणूस दिवसरात्र, अगदी आयसीयूतसुद्धा, असू द्यायला हवं का? माझं उत्तर ठामपणे ‘हो’ आहे. भेटीची सवलत म्हणून नाही, उपचाराचा भाग म्हणून.

आत काय होतं ते बघा. आयसीयूच्या दाराशी एक प्लास्टिकची पिशवी आपल्या हातात देतात. चष्मा, कवळी, कानाचं मशीन, बांगड्या. वस्तू हरवू नयेत म्हणून, आणि ते कारण रास्तच आहे. पण तिथून पुढे आजींना धड दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि कवळीशिवाय त्या काय बोलतात ते कुणाला समजत नाही. दिवे रात्रभर चालू, मॉनिटर वाजत असतात, सकाळ की संध्याकाळ कळायला खिडकी नाही. आजी ‘माका घराक जावचा आसा’ म्हणतात, समोरून हिंदीत ‘दादी, हिलना नहीं’ येतं. डिमेन्शियात नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी सुटतात, लहानपणीची उरते. मग त्या उठायला बघतात, सलाईन ओढतात. संध्याकाळी भेटीच्या वेळेत आपण आत जातो तेव्हा दोन्ही मनगटं पट्टीने कठड्याला बांधलेली असतात.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. जुने लोक ‘वातात गेले’ म्हणायचे. डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, डिलिरियम काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, पोट साफ नसणं, दुखणं, झोपेची औषधं, यातलं काहीही पुरतं. कारण सापडलं तर माणूस पुष्कळदा सावरतो. पण न ओरडता नुसतं गप्प पडून राहणारा डिलिरियमही असतो आणि तो हमखास नजरेतून सुटतो. ‘परवापर्यंत बाबा स्वतःच्या हाताने जेवत होते, हे असे कधीच नव्हते’ हे सांगू शकणारं माणूस आपण दाराबाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवतो.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनुए यांनी ७० वर्षांपुढच्या ८५२ पेशंटवर केलेला अभ्यास १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तारीख-वार सांगत राहणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं. एवढ्याने डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. यातलं काय आपल्या घरच्या माणसाला जमणार नाही? ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘जॉन्स कॅम्पेन’ नावाची चळवळ हेच मागतेय. डिमेन्शिया असलेले जॉन जेरार्ड पायाच्या जखमेसाठी ॲडमिट झाले. भेटीवर निर्बंध होते. पाच आठवड्यांनी घरी आले ते चालणं, बोलणं, स्वतः जेवणं सगळं गमावून, आणि त्याच वर्षी गेले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड आणि ज्युलिया जोन्स यांनी ही चळवळ उभी केली.

तुमचं मत लिहा. विरोधी असेल तर जरूर लिहा.

---

रातपाळी

आयसीयूत काम करतो. पूर्ण असहमत, आणि कारणं सविस्तर देतो.

एक म्हणजे त्या हॉलमध्ये तुमच्या आजींशिवाय आणखी दहा-बारा माणसं आहेत. कुणाचे कपडे बदलणं चालू असतं, कुणाला सीपीआर. त्यांच्या खाजगीपणाचं काय? दुसरं, हात बांधण्यामागे कुणाचा दुष्टपणा नसतो. श्वासनलिकेतली नळी ओढून काढली तर पुन्हा घालेपर्यंत जीव जाऊ शकतो. लघवीच्या नळीचा फुगा आत फुगवलेला असतो, ती ओढली की मूत्रमार्ग फाटून रक्त येतं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी (सेंट्रल लाईन) निघाली तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

तिसरं, अभ्यासांचंच बोलायचं तर ब्राझीलच्या ३६ आयसीयूंमधली चाचणी २०१९ साली जामा या नियतकालिकात आली आहे. एका गटात नातेवाइकांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबता येत होतं, दुसऱ्यात जास्तीत जास्त साडेचार तास. डिलिरियम १८.९ टक्के आणि २०.१ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. घरचं माणूस बसलं की डिलिरियम टळतो हे मनाला पटतं, पण चाचणीत तसं दिसलं नाही.

आणि ज्या राज्यात पेशंट दगावला की डॉक्टरला मारहाण होते, तिथे चोवीस तास नातेवाईक आत ठेवा म्हणणं सोपं आहे.

---

पारिजात

रातपाळी, ती चाचणी मीही वाचली आहे. १२ तासांची मुभा होती, पण माणसं प्रत्यक्षात थांबली सरासरी पावणेपाच तास, दुसऱ्या गटात दीड तासाच्या आसपास. शिवाय ते आयसीयूतले सगळे प्रौढ पेशंट होते, खास डिमेन्शियाचे नव्हेत. ज्याला समोरचा मॉनिटर म्हणजे काय हेच कळत नाही, त्याची गरज वेगळी आहे. आणि त्याच चाचणीतले आणखी दोन निष्कर्ष तुम्ही सोडून दिलेत. आयसीयूतलं इन्फेक्शन वाढलं नाही, आणि नातेवाइकांमधली चिंता आणि नैराश्य कमी झालं. मारहाणीचं म्हणाल, तर संशय वाढतो तो बंद दारामुळे.

श्वासनलिकेत नळी असताना हात धरून ठेवावे लागतात हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो साध्या सलाईनसाठी, रात्री स्टाफ कमी म्हणून, सकाळी राउंडपर्यंत तसेच राहिलेल्या हातांना.

---

कोरांटी

सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दोघांचंही वाचलं. तुमचा वाद खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूचा आहे. आमच्या जनरल वॉर्डात उलटं आहे. तिथे नातेवाईक नसेल तर पेशंटचं काही खरं नाही. बेडपॅन नातेवाईक देणार, एक्स-रेला स्ट्रेचर नातेवाईक ढकलणार, ब्लड बँकेत नातेवाईक पळणार. आयसीयूत आत सोडत नाहीत आणि वॉर्डातून बाहेर सोडत नाहीत, अशी गत आहे.

म्हणून मला तुमच्या मागणीची भीती वाटते, पारिजातताई. ‘उपचाराचा भाग’ असं एकदा कागदावर आलं की रिकामी पदं कुणी भरणार नाही. येलच्या त्या कार्यक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक होते, त्यांच्यावर देखरेख होती. तुम्ही वाचून दाखवलेली यादी घरच्या बाईच्या हातात देऊन तो कार्यक्रम होत नाही. आजोबांना झोपवून पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, घोट-घोट पाजायचं. हे नातेवाइकाला कुणी शिकवलेलं नसतं आणि मला रात्री एका हॉलभर पेशंटमध्ये शिकवायला वेळ नसतो.

हात बांधण्याबद्दल: मी बांधले आहेत. दर दोन तासांनी सोडून, कातडी बघून, कूस बदलून पुन्हा बांधायचे असतात. मला ते आवडत नाही. पण एकटी असताना तीन बेड पलीकडे ऑक्सिजन संपत असेल तर मी काय करावं, याचं उत्तर या धाग्यावर मिळालेलं नाही.

---

उंबरठा

कोरांटी यांना पूर्ण अनुमोदन. ‘घरचं माणूस’ म्हणजे कोण, हे कुणी बोलतच नाहीये. घरचं माणूस म्हणजे सून. नाहीतर मुलगी. क्वचित निवृत्त झालेला मुलगा. दिवसा ऑफिस, रात्री दवाखान्यातल्या त्या लोखंडी बाकावर, सकाळी मुलांचे डबे. थोरला अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर ‘आईकडे लक्ष दे गं’ म्हणतो. दवाखान्याने ‘तुम्ही थांबणं गरजेचं आहे’ असं लेखी दिलं तर तिला नाही म्हणायची जागाच उरत नाही. ब्युरोची मावशी ठेवायची तर बारा तासांचे पैसे वेगळे, आणि ती मावशीही आजींना अनोळखीच.

आत जायची मुभा मागा. सक्ती होईल असं काही मागू नका.

---

सह्यकडा

माझं मत कुणाला आवडणार नाही, पण लिहितो. बांधा. माझ्या वडिलांना बांधलं नव्हतं कारण घरच्यांनीच विरोध केला. त्यांनी रात्री नाकातली नळी काढली, कठड्यावरून पाय टाकला आणि पडले. न्यूमोनियासाठी गेलेला माणूस खुब्याचं ऑपरेशन करून परत आला. बाजूला घरचं माणूस होतं. दिवसभर दमून बसल्या जागी झोपलं होतं. माणूस झोपतं, पट्टी झोपत नाही.

---

निर्गुडी

सह्यकडा, तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते फार वाईट झालं, आणि तुमचा राग समजतो. तरी वृद्धांच्या वॉर्डात फिजिओथेरपी करत असल्याने थोडं लिहिते. बांधल्याने पडणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बांधलेला माणूस सुटायला जास्त जोर लावतो. कठडे वर असले की माणूस त्यांच्यावरून चढून उतरतो, म्हणजे तेवढ्या जास्त उंचीवरून पडतो. पलंग अगदी खाली उतरवणं यापेक्षा सुरक्षित. आणि आठवडाभर पलंगाला खिळलेल्या ऐंशीच्या माणसाच्या मांड्यांत उभं राहायचं बळ किती उरतं ते मी रोज बघते.

म्हातारी माणसं रात्री उठतात त्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं. लघवीला लागलेली असते. कॅथेटर (लघवीची नळी) असला तरी तिथे टोचतं, जावंसं वाटत राहतं. म्हणून राउंडला रोज विचारायला हवं, की ही नळी आजही हवीच आहे का? सलाईनची सुई मनगटाऐवजी कोपराच्या वर घेऊन त्यावरून लांब बाही ओढली तर ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते बहुतेक ओढलं जात नाही. हातात घडी घालायला एक टॉवेल द्या. आयुष्यभर घड्या घातलेल्या बायका तासन्‌तास घालत बसतात.

कायद्याचंही सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ९७. बांधून ठेवायचं तर तत्काळ इजा टाळायचा दुसरा कुठलाही मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कारण लिहून ठेवायचं आणि २४ तासांच्या आत पेशंटच्या प्रतिनिधीला कळवायचं. आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून बांधता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. मनोरुग्णालयातल्या माणसाला जे संरक्षण मिळतं ते हाड मोडून साध्या वॉर्डात आलेल्या आजीला का नसावं?

---

रातपाळी

निर्गुडी यांचा मुद्दा योग्य आहे. सलाईन झाकणं, नळ्या लवकर काढणं हे आम्ही करतो, पण रोज नाही आणि प्रत्येकासाठी नाही.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. हात सोडा म्हटलं की पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी इंजेक्शन दिलं जातं. नातेवाइकांनाही शांत झोपलेला पेशंट बरा वाटतो. हॅलोपेरिडॉल या अँटिसायकॉटिक (मनोविकारावरच्या) औषधाने आयसीयूतला डिलिरियम लवकर संपत नाही, हे २०१८ सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत स्पष्ट झालंय. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना या गटातली औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या औषधांबद्दल २००५ साली आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल २००८ साली दिलाय. लोराझेपाम या गुंगीच्या औषधाने गोंधळ बरेचदा वाढतो. तेव्हा ‘बांधू नका’ म्हणताना ‘मग गुंगी द्या’ असा अर्थ निघू देऊ नका.

माझी तयारी कुठवर आहे ते सांगतो. दोन्ही जेवणांना आणि रात्री आठ ते दहा, एक ठरलेलं माणूस, हात धुऊन, आत. गोंधळ त्याच वेळेला वाढतो हा माझा अनुभव आहे. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत न देता नाव लिहिलेल्या डबीत बेडपाशीच. चोवीस तासांना माझा विरोध कायम आहे.

---

पारिजात

आठ ते दहा म्हणजे आजच्यापेक्षा पुष्कळ आहे. पण रात्री दोन वाजता माणूस जागं होऊन ‘मी कुठे आहे’ विचारतं तेव्हा कोण असतं? डिमेन्शिया आधीपासून आहे असं कागदोपत्री नोंदलेल्या पेशंटपुरता तरी अपवाद करा. सगळ्यांसाठी मी मागतच नाहीये.

उंबरठा आणि कोरांटी, तुमचं म्हणणं मला पटलं आणि मागणी त्याप्रमाणे मांडायला हवी. थांबायचा हक्क नातेवाइकाचा, न थांबल्याबद्दल जाब विचारायचा हक्क दवाखान्याला नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे साठीपुढच्या दर शंभरात सातेक. एवढ्या सगळ्यांच्या घरी मोकळं माणूस असणं शक्यच नाही.

---

कोरांटी

मग ॲडमिशनच्या कागदावरच लिहून घ्या. कोणती भाषा समजते, कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, चहा बशीतून पितात की कपातून, संडासला नेहमी किती वाजता जातात, कशाची भीती वाटते. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटीचा असा छापील कागद पेशंटसोबत फिरतो. आमच्याकडे केसपेपरवर नाव, वय आणि धर्म असतो. नातेवाईक घरी गेला तरी तो कागद बेडपाशी राहतो आणि रात्री मला ‘बाय’ म्हणून हाक मारायची की ‘आक्का’ म्हणून, तेवढं तरी कळतं.

त्याच कागदावर खाली रकाना ठेवा: ‘घरचं कुणी थांबू शकत नसल्यास वॉर्डातून कोण.’ तिथे कर्मचाऱ्याचं पद आणि पाळी लिहिलेली असेल तर मी पारिजातताईंच्या बाजूने. रकाना कोरा राहणार असेल तर माझा विरोध आहे.

---

उंबरठा

त्या रकान्यासाठी माझीही सही धरा.

---

रातपाळी

पद मंजूर करणं माझ्या हातात नाही. डबी आणि कागद आहे, तेवढं आमच्या युनिटमध्ये मांडतो. कोरांटी सिस्टर, तुमच्या कागदात गिळायला त्रास होतो का, हेही घाला. पाणी पाजायच्या आधी तेच माहीत असायला हवं.