फ्लॅटहेड व्ही-८च्या ब्लॉकला बारीक तडा: बोअरिंग आधी करू का?

प्रश्न: १९४६ च्या फोर्डचं इंजिन पूर्ण उघडलंय. फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्येच असतात), २३९ क्युबिक इंच, २४ स्टडचं (स्टड म्हणजे हेड आवळून धरणारे बोल्ट). क्रँक चांगला आहे, पण एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलेंडरकडे केसाएवढी रेघ गेलीय. मला हाच ब्लॉक वाचवायचाय. आधी बोअर करून (सिलेंडर आतून कापून थोडे मोठे करून) घेऊ का?

उत्तर १: थांबा, बोअरवर पैसे नंतर घाला. या इंजिनात एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटने (थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीने) वेढलेल्या वाटेने बाहेर जातो. म्हणून सीटजवळ तडे जाणं हे नेहमीचंच दुखणं. जॅकेटमध्ये ओतकामाची वाळू, तारेचे तुकडे, गंज असं काहीही निघतं. ते राहिलं तर कितीही छान बांधा, इंजिन तापणारच. ब्लॉक केमिकलच्या टाकीत उकळून घ्या, तारेने प्रत्येक भोक खरवडा. मग मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने बारीक तडे दाखवणारी तपासणी) आणि प्रेशर टेस्ट (जॅकेटमध्ये दाब देऊन गळती बघणं). रेघ सिलेंडरमध्ये उतरली असेल तर स्लीव्ह (सिलेंडरच्या आत बसवायची नवी नळी) आणि नवी सीट बसवून ब्लॉक वाचू शकतो. दोन-तीन सिलेंडरना तडे निघाले, तर मात्र मी दुसरा ब्लॉक शोधेन.

उत्तर २: सीट घासली की व्हॉल्व्ह खाली बसतो आणि टॅपेटचा (व्हॉल्व्हला खालून ढकलणाऱ्या भागाचा) गॅप कमी होतो. मूळ टॅपेट अ‍ॅडजस्ट होत नाहीत, स्टेमचं टोक घासून गॅप जुळवावा लागतो. अ‍ॅडजस्टेबल टॅपेट घ्या, फार सोपं जातं.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. हेड स्टडची भोकंही जॅकेटमध्ये उघडतात ना? तिथे सीलंट लावू?

उत्तर १: हो, नक्की लावा.