स्टाउट चाखताना माझी वही 'कॉफी, चॉकलेट'वरच अडते

डेन्वरचा_पुणेकर

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या इथे घरी बिअर बनवणाऱ्यांचा एक क्लब आहे. पुढच्या महिन्यात त्यांची स्पर्धा आहे आणि स्टाउटच्या, म्हणजे भाजलेल्या दाण्यांच्या काळ्या बिअरच्या, टेबलावर शिकाऊ परीक्षक म्हणून मला बसवणार आहेत. परवा सराव म्हणून चार ग्लास मांडले: कॅनमधली गिनेस ड्राफ्ट, लेफ्ट हँडची मिल्क स्टाउट, सॅम्युएल स्मिथची ओटमील आणि क्लबातल्या एकाने घरी केलेली इंपीरियल, म्हणजे कडक स्टाउट, जवळजवळ १० टक्के अल्कोहोलची. चारही वेगळ्या आहेत हे कुणालाही कळेल. पण वहीत काय उतरलं? पहिलीपुढे 'कॉफी, चॉकलेट'. दुसरीपुढे 'चॉकलेट, कॉफी'. तिसरीपुढे 'कॉफी, जरा मऊ'. चौथीपर्यंत अक्षरच लागेना.

बीजेसीपीचा (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) गुणतक्ता ५० चा असतो. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. वीस गुणांच्या रकान्यात दोन शब्द लिहून कसं भागणार? बाकीचे परीक्षक 'फिग, रेझिन, मोलॅसिस' (अंजीर, मनुका, काकवी) असं धडाधड लिहीत सुटतात. मी अंजीर खाल्लंय ते पुरंदरचं, ताजं, सासवडच्या रस्त्यावर टोपलीतून घेतलेलं. त्याचा वास मला काळ्या बिअरमध्ये काही केल्या सापडत नाही.

निवांत_गडी

प्यायला घेतलीय ना, मग प्या. दहावी सुटून किती वर्षं झाली, अजून मार्कांच्या मागे!

काळा_मसाला

पुणेकर, नाक ठीक आहे तुमचं, शब्द उसने आहेत. आणि ते लोक फिग म्हणतात ते सुक्या अंजिराला. सुकामेव्याच्या डब्यात नाक घालून बघा, लगेच सापडेल.

मी नाशिककडची, आता फोर्ट कॉलिन्सला असते. अकरा वर्षं घरी बिअर करतेय. आमच्याकडे काळ्या मसाल्याचं खोबरं भाजायचं काम माझ्याकडे असायचं आणि आई पडवीत बसून नुसत्या वासावरून ओरडायची, "उतरव आता!" खमंग कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं हे तिला लांबून कळायचं. स्टाउटचं अर्धं परीक्षण एवढंच आहे. आयरिश पद्धतीत बार्ली मोड न आणता तशीच भाजतात, पार काळपट होईपर्यंत. तो कोरडा, कडवट खमंगपणा तिचाच. प्रमाण चुकलं की राख.

माझी पहिली स्टाउट १९ लिटरची होती. काळे दाणे एकूण धान्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवायचे असतात, मी उत्साहात सहावा हिस्सा घातला. परीक्षकाने ५० पैकी २३ दिले आणि शेरा लिहिला, राखदाणी. चार दिवस फुगून बसले होते. मग बाटली उघडून स्वतःच प्यायले. घशात कुणीतरी विडी विझवल्यासारखं वाटलं. शेरा बरोबर होता.

आता तुमचे चार ग्लास. गिनेसच्या कॅनमध्ये तो गोळा असतो ना, तो नायट्रोजन सोडतो. या वायूचे बुडबुडे बारीक, म्हणून फेस सायीसारखा दिसतो. पण त्याच वायूमुळे वास दबतो आणि घोट गुळगुळीत लागतो. त्यामुळे फेसाला भुलू नका, वास मंद आहे म्हणून गुणही कापू नका. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते. ती यीस्टला खाता येत नाही, म्हणून मागे राहते. खव्याच्या जवळपास जाणारा गोडवा शोधा. ओटमील म्हणजे पेज. जिभेवर तसाच बुळबुळीत थर येतो की नाही एवढं बघा, चवीत ओट शोधत बसू नका. इंपीरियलमध्ये काकवी, खजूर, काळ्या मनुका. दारूची ऊब छातीत उतरली तर चालते, घशाला चटका बसता कामा नये.

आणि फ्रिजमधून काढून लगेच नाक खुपसू नका. थंडीत सगळं झोपलेलं असतं. इंपीरियल तर १२-१३ अंशांवर येऊ द्या. ग्लासावर तळहात झाका, हलकं फिरवा, हात काढून दोन-तीन छोटे श्वास घ्या. वास घेतल्याशिवाय घोट नाही, कारण एकदा प्यायलात की नाकाचं कुणी ऐकत नाही. सोबत चिवडा नको, साधा पाव आणि पाणी. ग्लासाला फोडणीच्या हाताचा तेलकटपणा राहिला की फेस बसलाच, आणि दोष बिचाऱ्या बिअरला.

दोषांचे शब्दही मराठीत पाठ करा: लोणी, उकडलेला मका, कच्चं सफरचंद, ओला पुठ्ठा. फार जुन्या जड स्टाउटला सोया सॉसचा वास येतो. पुठ्ठ्याचा ओळखायला सोपा, पावसात भिजलेलं खोकं आठवा.

कोथरूडकर_७१

मसालाताईंशी सहमत, फक्त एक भर घालतो. आधी प्रकार बघा, मग गुण द्या. पुण्यात २००९ ला डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तोवर आमच्यासाठी काळी बिअर म्हणजे कुणीतरी कोलंबोहून आणलेली श्रीलंकेची लायन स्टाउट. ८.८ टक्के, गोडसर, गुळाच्या पाकासारखी जड. हिला आयरिश स्टाउटच्या मापाने मोजलं तर नापासच, कारण तिथे कोरडेपणा हवा. पण बीजेसीपीच्या प्रकारांच्या यादीत ट्रॉपिकल स्टाउट असा वेगळा प्रकार आहे आणि त्यात ती अगदी घरची. पुरणपोळीला भाकरीसारखी खुसखुशीत नाही म्हणून गुण कापतो का आपण?

बाकी ताई, स्पर्धेच्या कागदावर 'खमंग' चालतं का?

काळा_मसाला

वहीत चालतं, कागदावर नाही. बनवणाऱ्याला समजलं पाहिजे ना. मी आधी मराठीत टिपते आणि मग 'भाजलेलं सुकं खोबरं' असं त्यांच्या भाषेत उलगडून लिहिते. आणि भाकरी खुसखुशीत कुठे असते हो? कोथरूडात असेल.

डेन्वरचा_पुणेकर

काल पुन्हा बसलो, या वेळी दोनच ग्लास. इंपीरियल पाऊण तास बाहेर ठेवली. वहीतून जसंच्या तसं: 'काकवी. खजूर. मध्येच तळाला लागलेली खीर. शेवटी जिभेच्या मागे करपट, जात नाही. ऊब चांगली, चटका नाही. ३४.' शेजारी बसलेल्या अनुभवी परीक्षकाने ३७ दिले. आमच्या क्लबात सातपेक्षा जास्त फरक पडला तर चर्चा करून जवळ यावं लागतं, त्यामुळे सुटलो.

ज्याने ती बनवली त्याला भीत भीत करपटाचं बोललो. तो म्हणाला, काळे दाणे या वेळी फार बारीक दळले गेले, जवळजवळ पीठच झालं होतं. मसालाताई, याने खरंच एवढा फरक पडतो?

काळा_मसाला

पडतो. पुढच्या खेपेला त्याला भरड दळायला सांगा, नाहीतर काळे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवून फक्त ते पाणी घालायला सांगा. मी आता तेच करते. आणि एक बाटली माझ्यासाठी ठेवा, तासाभराचा तर रस्ता आहे.