पूर ओसरल्यावर बदलापुरात घरं साफ करायला जायचं आहे, तयारी काय करावी?

नौपाडा_१८
आमच्या सोसायटीतले १८ जण तयार आहेत. २०१९ आणि २०२१ सारखं उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तर ओसरल्यावर लगेच शनिवार-रविवार जाऊन घरं साफ करून द्यायची. सामान आत्ताच घेऊन ठेवू. गाळ कसा काढायचा, विहिरी साफ करता येतील का? जुने कपडेही गोळा करतोय.

गाळ_आणि_घमेलं
कपडे थांबवा. निवडायला माणसं लागतात आणि शेवटी ढीग रस्त्यावर भिजत पडतो. त्या पैशांत नवे अंतर्वस्त्रांचे जोड, सॅनिटरी पॅड, चादरी, झाकणाच्या बादल्या आणि ताडपत्री घ्या.

घरात शिरल्यावर फावड्याआधी मोबाइल बाहेर काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, गादी, कपाट, फ्रिज, सगळ्याचे फोटो घरमालकाच्या फोनवर काढून द्या. पंचनामा व्हायच्या आत सामान फेकलं गेलं तर भरपाई मागताना दाखवायला काही उरत नाही. काय टाकायचं हे घरातल्या माणसानेच ठरवायचं. आपण विचारल्याशिवाय एक वहीसुद्धा उचलायची नाही.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की फरशीला धरून बसतो. १० बाय १० च्या खोलीत चार इंच गाळ म्हणजे दीड टनाच्या आसपास. घमेल्यात १५ किलो धरले तरी शंभर घमेली! म्हणून सहा-सहा जणांच्या तीन टोळ्या करा: दोघे फावड्यावर, तिघे साखळीत, एक वायपर आणि पाण्यावर. मागच्या खोलीपासून दाराकडे या. एका टोळीने दिवसात दोन खोल्यांचं एक घर नीट केलं तरी पुष्कळ झालं.

गाळ गटारात अजिबात ढकलू नका. पुढच्या सरीला तेच पाणी परत घरात येतं. जेसीबीला उचलता येईल असा रस्त्याकडेला ढीग करा, काच आणि पत्रे वेगळे ठेवा.

पायात गमबूट, हातात जाड रबरी मोजे. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या. लेप्टोसाठी (उंदरांच्या मुताने दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्यायची का, किती, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. लाकडाच्या ढिगात, भिजलेल्या गाद्यांखाली हात घालू नका, काठीने उचला. घोणस, फुरसं तिथेच दडतात.

टीसीएल_पावडर
फरशीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, सगळ्यात शेवटी. चिखल असताना टाकलं तर क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. धुऊन झाल्यावर दहा लिटरच्या बादलीत साधारण ४० ग्रॅम, दहा मिनिटं ठेवा, मग पुसा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पोतं उघडं राहिलं की पावडरचा जोर जातो, म्हणून हवाबंद डब्यातच न्या.

विहिरीबाबत घाई नको. पुरानंतर बाहेरच्या जमिनीत पाणी चढलेलं असतं. पंप लावून विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने दगडी बांधकाम आत ढासळतं. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारूनच करा.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं याचा हिशेब असा, आधी पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर. एरवी दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागतं. पावडर बादलीत कालवा, पाच-दहा मिनिटांनी चुना खाली बसला की वरचं निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि दोराने खालीवर करून ढवळा. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर डोस कमी पडला. त्या दिवशी पिण्याचं पाणी टँकरचंच.

नौपाडा_१८
कपडे थांबवले. आमच्यात एक वायरमन आहे, तो वीज बघेल का?

मीटरबॉक्स
बघू दे, पण मीटरला हात लावायचा नाही, तो महावितरणचा. गाळ काढणारे आत जायच्या आधी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद हवेत. मेन बंद केल्यावर लोक निर्धास्त होतात आणि इन्व्हर्टरमुळे सॉकेटमध्ये करंट तसाच राहतो. ओल्या जमिनीत उभं राहून स्विच पाडायचा नाही, लाकडी फळी आणि रबरी मोजे हवेतच.

पाण्याच्या रेघेखालचे स्विच-सॉकेट वाळवून परत वापरू नका, बदलायचेच. पाइपातल्या वायरींचं मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इन्सुलेशन मोजा; एक मेगओहमच्या खाली रीडिंग आलं तर ते सर्किट बंदच ठेवा, चार दिवस वाळल्यावर पुन्हा मोजा. फ्रिज, पंप, वॉशिंग मशीन 'चालतंय का बघू' म्हणून लावू देऊ नका. मोटर तिथेच जळते. तोवर घराला एक चार्जिंगचा दिवा देऊन या.