मदत हवी आहे: नेमबायोवरच्या विक्रीच्या नोंदी पाहून डोमेनची किंमत कशी ठरवायची?

बागवान_नागपूर:
नमस्कार मंडळी. दोन शब्दांचं एक डॉट कॉम नाव विकायला काढायचं आहे. पहिला शब्द काटोलकडच्या एका गावाचं नाव, दुसरा बागायतीतला इंग्रजी शब्द. त्या दुसऱ्या शब्दाने संपणारी डॉट कॉम नावं, गेली पाच वर्षं, असं नेमबायोवर (झालेल्या डोमेन विक्रीच्या नोंदी दाखवणारी साइट) शोधून ११ नोंदी शीटमध्ये घेतल्या. डॉलरमध्ये: ११२, १३५, १५०, १८०, २०५, २४०, ३१०, ३८८, ४५०, २,८०० आणि १८,०००. सरासरी २,०८८ येते. विक्रीच्या पानावर २,००० टाकावेत असा विचार करून राहिलो. बरोबर आहे का? रिन्युअल मार्चमध्ये आहे.

बर्डी_कट्टा:
भाऊ, सरासरी आधी खोडून टाका. १८,००० ची एकटी नोंद बाकी दहांना ओढून नेते. ओळीने लावल्यावर मधली, म्हणजे सहावी नोंद २४० ची आहे. पण म्हणून २४० मागू नका, तीही चूकच होईल.

शीटमध्ये आणखी एक रकाना करा: विक्री कुठे झाली. नेमबायो प्रत्येक नोंदीपुढे ते ठिकाण देतं. गोडॅडी, नेमजेट, ड्रॉपकॅच इथल्या मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात बहुतेक वेळा आपल्यासारखेच, नावं घेऊन पुन्हा विकणारे व्यापारी बोली लावतात. तो ठोक भाव. सेडो या विक्री-बाजारावर लिलाव आणि थेट विक्री, दोन्ही प्रकार होतात. तिथे वेबसाइट चालवणारा खरा ग्राहकही येतो. कळमन्याच्या ठोक बाजारातला लिलावाचा भाव आणि गोकुळपेठेतल्या गाड्यावरचा भाव एकाच रकान्यात मांडून सरासरी काढत नाहीत, तसंच हे.

बागवान_नागपूर:
रकाना भरला. पहिल्या आठही नोंदी लिलावाच्या. ४५० आणि २,८०० सेडोच्या. १८,००० पुढे 'खाजगी' लिहिलं आहे.

धरमपेठ_डोमेन:
मग चित्र साफ आहे. ११२ ते ३८८ हा खरेदीचा भाव आहे. असं नाव लिलावात दिसलं तर किती बोलीवर थांबायचं, एवढंच तो सांगतो. विक्रीचा भाव ठरवायला तुमच्याकडे तीनच नोंदी उरल्या आणि त्या फार कमी आहेत.

आता त्या अकराही नावांचं आज काय झालं ते बघा. आरडॅपवर (नावाच्या नोंदणीची माहिती दाखवणारी सेवा) नाव टाका. २०१८ च्या मे महिन्यापासून मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण नेमसर्व्हर, म्हणजे नाव कोणाच्या सर्व्हरकडे वळवलं आहे ते, दिसतात. ते अजून एखाद्या विक्री-बाजाराचे असतील आणि नाव उघडल्यावर 'विकणे आहे' असं पान येत असेल, तर घेणारा व्यापारी होता. चालती वेबसाइट असेल तर ग्राहक. वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं साठवणारी साइट) विक्रीच्या तारखेच्या आधीचं आणि नंतरचं पानही बघा. १८,००० च्या बाबतीत हे नक्की करा, कारण कधीकधी नावासोबत चालती वेबसाइट आणि धंदाही विकलेला असतो आणि आकडा नुसत्या नावाचा नसतो.

लिलावाच्या नोंदीत आणखी एक खोच आहे. बोली जिंकणारा पैसे भरत नाही, किंवा मूळ मालक मुदतीत रिन्यू करून नाव परत घेतो. व्यवहार रद्द होतो, पण आकडा कुठेतरी राहून जातो. तेच नाव थोड्याच दिवसांत पुन्हा लिलावात दिसलं तर पहिली नोंद धरू नका.

वर्धा_रोड:
दोन गोष्टी जोडतो.

एक, नेमबायोवर साधारण १०० डॉलरच्या खालचं दिसतच नाही. वरच्या बाजूला आफ्टरनिक या विक्री-बाजारावरच्या बऱ्याच विक्री जाहीर होत नाहीत आणि खाजगी व्यवहारात गुप्ततेची अट असते. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं हे जगाला कळलं, कारण विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती आणि तिने ते जाहीर केलं. शिवाय यादीत फक्त विकलेली नावं असतात. त्याच शब्दाची न विकता सोडून दिलेली नावं कुठेच मोजली जात नाहीत.

दोन, तारीख. २०१५ च्या शेवटी चिनी खरेदीमुळे चार अक्षरी डॉट कॉम नावांचे भाव वर गेले आणि पुढच्या वर्षी खाली आले. त्या काळातल्या नोंदी आज धरल्या तर हिशोब फसतो. तुमच्या शब्दाला तशी लाट नाही, पण तारखेचा रकाना ठेवाच.

बागवान_नागपूर:
मग पानावर किती टाकू?

धरमपेठ_डोमेन:
२४० का नको, ते आधी बघा. व्यापारी धरून चालतात की शंभर नावांतली वर्षाला एक-दोनच विकली जातात. एका नावाचं रिन्युअल हजार रुपये धरलं तरी शंभर नावांचा वर्षाचा खर्च एक लाख. २४० डॉलर म्हणजे साधारण वीस हजार, त्यातून बाजाराचं कमिशन वजा. दोन विकली तरी खर्च निघत नाही.

दुसरीकडे, तुमच्या तीन नोंदींत पहिला शब्द कोणता आहे ते पहा. तो सर्वसाधारण इंग्रजी शब्द असेल तर त्याला जगभरातून ग्राहक आहे. गावाच्या नावाला काटोल, नरखेड, वरूड पट्ट्यातले बागायतदार, रोपवाटिका आणि संत्रा निर्यात करणारे, एवढेच. त्यांच्यापैकी किती जण आज डॉट इन किंवा लांबलचक नाव वापरतात ते मोजा. दहाच्या वर निघाले तर ६०० ते ९०० डॉलर ठेवा आणि 'ऑफर द्या' चालू ठेवा. दोन-तीनच निघाले तर मार्चमध्ये रिन्यू करू नका.

बागवान_नागपूर:
ठीक आहे. रविवारपर्यंत मोजून इथेच आकडा टाकतो.